शोभेच्या दारूच्या गोळ्यावर कागद चिकटविण्याचे घरगुती यंत्र : रचना, गणित आणि मर्यादा

सारांश

आकाशात फुटणाऱ्या शोभेच्या दारूच्या गोळ्याला कागदाचे अनेक थर देऊन मजबुती आणली जाते. हे काम परंपरेने हाताने होते. प्रस्तुत लेखात हे काम करणारे साधे, पायाने चालणारे यंत्र कोणत्या तत्त्वावर उभे राहू शकते याचे विवेचन केले आहे. सपाट पट्टी गोल पृष्ठावर बसविताना येणारी अडचण, थरांची जाडी सर्वत्र सारखी राखण्याचा प्रश्न, गोळा फिरविण्याची योग्य पद्धत आणि कागद व खळ यांचे गुणधर्म हे विषय क्रमाने घेतले आहेत. असे यंत्र महाविद्यालयीन प्रयोगशाळेत केवळ लाकडी गोळ्यावरच का चालवावे, याची कारणमीमांसा शेवटी केली आहे.

बीजशब्द : शोभेची दारू, गोल पृष्ठ, कागदी थर, परिभ्रमण, खळ, सुरक्षितता.

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात यात्रा-जत्रा, लग्नकार्य आणि दिवाळी यांना शोभेच्या दारूची जोड जुनी आहे. भुईनळे, भुईचक्रे, फुलबाज्या, बाण यांच्यापासून ते आकाशात फुलांच्या आकारात उमलणाऱ्या गोळ्यांपर्यंत तिचे नाना प्रकार आपण पाहतो. पाहणाऱ्याचे लक्ष अर्थातच रंगाकडे आणि आवाजाकडे असते. तो रंग वर्तुळाकार पसरला की वेडावाकडा सांडला, हे मात्र बऱ्याच अंशी एका दुर्लक्षित गोष्टीवर ठरते. ती गोष्ट म्हणजे गोळ्यावरचा कागद.

श्रीगोंदा या गावाचा आतषबाजीच्या इतिहासाशी एक अप्रत्यक्ष संबंध आहे. पूर्वी चांभारगोंदा या नावाने ओळखले जाणारे हे गाव शिंदे घराण्याच्या जहागिरीचे होते आणि शिंद्यांचे वाडे येथे होते. याच घराण्यातील महादजी शिंदे यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोटा येथील दिवाळीच्या आतषबाजीचे वर्णन ऐकविले. त्यात दारूची लंका उभारून ती मारुतीकडून जाळण्याचा देखावा होता. ते ऐकून पेशव्यांनी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसाच देखावा करविला, अशी नोंद पेशव्यांच्या बखरीत आढळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे विद्वान प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना या नोंदीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. महादजी १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले व १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे निवर्तले. त्या काळापासून आजवर या कलेतील रसायने पुष्कळ बदलली, परंतु कागद, दोरा आणि खळ ही तिची तीन साधी साधने टिकून आहेत.

आजच्या महाराष्ट्रात धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. देशपातळीवर तमिळनाडूतील शिवकाशी हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र आहे. दोन्ही ठिकाणी कागदाचे काम मुख्यत्वे हातांनी होत आले आहे. हे काम यंत्राने करता येईल काय, आणि करता आले तरी ते तसे करावे काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न भूमितीचा आणि यंत्रशास्त्राचा आहे. दुसरा माणसाच्या जिवाचा आहे. प्रस्तुत लेखात दोहोंचा विचार केला आहे.

गोळ्याची रचना आणि कागदाचे कार्य

शोभेच्या गोळ्यांच्या दोन परंपरा जगात प्रसिद्ध आहेत. इटालियन परंपरेतला गोळा दंडगोलाकार असतो, तर जपानी परंपरेतला खऱ्या अर्थाने गोल असतो. गोल गोळ्यासाठी जाड कागदाच्या दोन अर्धवाट्या घेतल्या जातात. त्या भरून एकमेकींवर मिटल्या जातात आणि मग संपूर्ण गोळ्यावर खळीने कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटविल्या जातात. जपानमधील निगाता प्रांतात, ओजिया शहराच्या काताकाई भागात दरवर्षी उडविल्या जाणाऱ्या प्रचंड गोळ्याचा व्यास सुमारे १२० सेंटीमीटर असतो. त्याचीही मजबुती शेवटी कागदाच्या थरांचीच असते.

हे थर दोन कामे करतात. गोळा उखळी नळीतून वर फेकला जातो तेव्हा खालून येणारा धक्का आणि उष्णता त्यांनी सोसावी लागते. पुढे आकाशात गोळा फुटताना आतील वायू एका क्षणापुरता कोंडून ठेवणे आणि नंतर सर्व दिशांनी एकदम सुटू देणे हेही त्यांचेच काम. आपल्याकडील सुतळी बॉम्बमध्ये हेच तत्त्व आहे. त्यात कागदाऐवजी तागाच्या सुतळीचे वेढे असतात. वेढे जितके घट्ट आणि जितके अधिक, तितका कोंडमारा अधिक आणि आवाज मोठा.

थर कोठे कमी पडले तर वायू त्या दुबळ्या जागेतून आधी सुटतो. आकाशातील फूल एका बाजूला कलंडते. याहून गंभीर शक्यता अशी की, नळीतच ठिणगी त्या फटीतून आत शिरते आणि गोळा जमिनीवरच फुटतो. म्हणून सारखेपणा हा या कामात सौंदर्याचा आणि सुरक्षिततेचाही निकष ठरतो.

भिंतीच्या जाडीचे गणित

पातळ भिंतीच्या गोल पात्रात आतून दाब असल्यास भिंतीवर येणारा ताण पुढील सूत्राने मिळतो :

ताण = (दाब × त्रिज्या) ÷ (२ × भिंतीची जाडी)

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, त्याच दाबासाठी गोळ्याची त्रिज्या दुप्पट केली तर भिंतही दुप्पट जाड हवी. दोन, भिंतीची जाडी एखाद्या जागी निम्मी असेल तर तेथील ताण सुमारे दुप्पट होतो आणि संपूर्ण गोळ्याची ताकद त्या एका जागेइतकीच राहते. सरासरी जाडी कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग नाही; सर्वांत पातळ जागा किती पातळ आहे हेच महत्त्वाचे ठरते. यंत्राची परीक्षा याच निकषावर घ्यावयास हवी.

सपाट पट्टी आणि गोल पृष्ठ

सपाट कागद गोल पृष्ठावर न ताणता, न फाडता आणि न चुणता बसविता येत नाही. पृथ्वीचा नकाशा सपाट पानावर काढताना भूगोलाच्या प्राध्यापकांना जी अडचण येते तीच येथे उलट दिशेने येते. पट्टीची मध्यरेषा गोळ्याच्या बृहद्वृत्तावर, म्हणजे गोळ्याच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीतील वर्तुळावर, नीट बसते. परंतु पट्टीच्या कडांना मिळणारा मार्ग त्याहून आखूड असतो. तेवढा जास्तीचा कागद चुण्या होऊन उभा राहतो.

उदाहरणादाखल १० सेंटीमीटर व्यासाचा गोळा घेऊ. त्याचा परीघ सुमारे ३१.४ सेंटीमीटर आहे. पट्टी २ सेंटीमीटर रुंद असल्यास तिच्या कडेखालील वर्तुळ मध्यवर्तुळापेक्षा सुमारे २ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटरने आखूड भरते. पट्टी १ सेंटीमीटर रुंद घेतली तर हा फरक अर्धा टक्का, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर एवढाच राहतो. रुंदी निम्मी केली की चुणी एक-चतुर्थांश होते. याचा अर्थ पट्टी जितकी अरुंद तितकी बसण्यास चांगली; परंतु तितकेच वेढे अधिक द्यावे लागतात. ओला कागद थोडाफार ताणला जात असल्याने या आकाराच्या गोळ्यास दोन सेंटीमीटरपर्यंतची पट्टी दाबून बसविता येते.

ध्रुवांवरील गर्दी

आता समजा, सर्व वेढे गोळ्याच्या एकाच अक्षाच्या दोन्ही टोकांवरून, म्हणजे पृथ्वीवरील रेखावृत्तांप्रमाणे ध्रुवांवरून दिले. विषुववृत्तावर पृष्ठ एकदा पूर्ण झाकण्यासाठी आपल्या उदाहरणात साधारण ८ वेढे लागतात. तेवढ्यात विषुववृत्तावर एक थर होतो; ध्रुवांवर मात्र आठही वेढे एकमेकांवर येतात आणि तेथे आठ थरांचा उंचवटा तयार होतो. एकास आठ हे प्रमाण कोणत्याही निकषाने चालण्यासारखे नाही.

हाताने काम करणारा कारागीर ही अडचण नकळत सोडवितो. सुताचा गुंडा करणारी व्यक्ती काही वेढे देते, गुंडा बोटांत थोडा वळविते, पुन्हा काही वेढे देते. प्रत्येक वेढ्याची दिशा वेगळी पडते. वेढ्यांच्या दिशा पूर्णपणे विखुरलेल्या असतील तर थरांची सरासरी सर्वत्र समान होते, असे गणिताने दाखविता येते. एका वेढ्याने सरासरी (पट्टीची रुंदी ÷ व्यास) इतके थर पडतात. आपल्या गोळ्यास हे प्रमाण ०.२ आहे. म्हणजे ४८ वेढ्यांनी सरासरी ९.६ थर होतात. सरावलेल्या हाताची अनियमितता हा येथे दोष नसून गुण आहे, आणि यंत्राला तो मुद्दाम शिकवावा लागतो.

फिरविण्याचा प्रश्न : एक उद्बोधक चूक

यंत्राचा विचार करताना प्रथम सुचते ती रचना अशी : रसवंतीच्या चरकात असतात तसे दोन आडवे रूळ शेजारी बसवावेत, त्यांवर गोळा ठेवावा, रूळ फिरले की गोळा फिरेल आणि पट्टी गुंडाळली जाईल. दिशा बदलण्यासाठी बाजूने एक लहान चाक गोळ्याला टेकवून त्याला सावकाश दुसऱ्या अक्षाभोवतीही वळवावे. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांसह लाकडी गोळ्यावर प्रथम हीच रचना करून पाहिली. पट्टी गोळ्यावर पसरलीच नाही. ती एकाच पट्ट्यात स्वतःवरच गुंडाळली गेली आणि गोळ्याच्या कमरेला कागदी पट्टा तयार झाला.

याचे कारण विचारात घेण्यासारखे आहे. घन पदार्थाला एकाच वेळी दोन अक्षांभोवती स्थिर वेगाने फिरविले, तर ते दोन भ्रमणवेग सदिश राशींप्रमाणे एकमेकांत मिळतात आणि पदार्थ प्रत्यक्षात तिसऱ्याच, पण एकाच, अक्षाभोवती फिरतो. दोन्ही अक्ष प्रयोगशाळेच्या संदर्भात स्थिर असल्याने त्यांची बेरीजही स्थिर असते. लिओनहार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात घन पदार्थाच्या परिभ्रमणाविषयी जी मीमांसा केली तिचाच हा परिणाम आहे. पाहणाऱ्याला गोळा 'दोन बाजूंनी' फिरतो असे वाटते. पट्टीच्या दृष्टीने मात्र तो एकाच वाटेने येतो-जातो.

यातून सुटण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, एक वेढा पूर्ण झाल्यावर रूळ थांबवावेत, गोळा ठरावीक कोनातून वळवावा आणि पुन्हा रूळ सुरू करावेत. हातही हेच करतो. दुसरा, गोळा सावकाश वळत ठेवावा आणि पट्टीचे रीळच गोळ्याभोवती फिरवावे. तिसरा, गोळा एका चौकटीत धरावा, चौकट आडव्या अक्षाभोवती फिरवावी आणि चौकटीच्या आत गोळ्याचा स्वतःचा अक्ष प्रत्येक फेऱ्यात थोडा पुढे सरकवावा. तिसऱ्या मार्गात गोळ्याचा अक्ष चौकटीबरोबर वाहून नेला जात असल्याने भ्रमणवेगांची बेरीज स्थिर राहत नाही आणि पट्टीला दर वेळी नवी वाट मिळते. घरगुती बांधणीस हा मार्ग सर्वांत सोपा आहे.

यंत्राची बांधणी

यंत्राचे मुख्य भाग पाच आहेत.

(१) बैठक आणि पायडल : जुन्या शिलाई यंत्राची लोखंडी बैठक, पायडल आणि मोठे चाक जसेच्या तसे वापरता येते. पायाने गती मिळते, हात मोकळे राहतात आणि गती हवी तेव्हा तत्काळ थांबविता येते.

(२) फिरती चौकट : इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आडव्या दांड्यावर, दोन बेअरिंगांत बसवावी. शिलाई यंत्राचा पट्टा या दांड्यावरील कप्पीवर चढवावा. चौकटीचे वजन दोन्ही बाजूंना समतोल असणे आवश्यक आहे. अन्यथा ती प्रत्येक फेऱ्यात हिसका देते.

(३) गोळ्याची पकड : चौकटीच्या दोन भुजांमध्ये समोरासमोर दोन लहान वाट्या बसवाव्यात. त्यांना आतून नमदा लावावा. एका वाटीमागे सौम्य स्प्रिंग असावी, म्हणजे गोळा अलगद पण घट्ट धरला जातो. पकडीचा अक्ष पट्टीच्या पातळीत बरोबर ठेवल्यास पट्टी वाट्यांवरच चढेल. म्हणून तो अक्ष त्या पातळीपासून साधारण २५ अंशांनी कललेला ठेवावा. पट्टी मग वाटीला वळसा घालून जाते. आपल्या १० सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्यासाठी वाटीचा व्यास सुमारे २ सेंटीमीटर ठेवता येतो.

(४) दातेरी चाक : एका वाटीच्या दांड्यावर १६ दात्यांचे चाक आणि त्याला उलट फिरू न देणारी अडणी बसवावी. बैठकीवर एक स्थिर खुंटी असावी. चौकटीचा प्रत्येक फेरा पूर्ण होताना चाकाचा एक दाता खुंटीला लागतो आणि गोळा आपल्या अक्षाभोवती एक-षोडशांश फेरा पुढे सरकतो. सोळा वेढ्यांत एक आवर्तन पूर्ण होते. हातातील गुंडा मधूनमधून वळविणाऱ्या बोटांचे काम हे चाक करते.

(५) पट्टीचे रीळ : रिळाला नमद्याचा हलका ब्रेक असावा, म्हणजे पट्टी सतत थोड्या ताणाखाली राहते. रीळ आणि गोळा यांच्यामध्ये ओल्या स्पंजाची तबकडी ठेवावी. डिंक लावलेल्या तयार पट्टीस नुसते पाणी पुरते. साध्या खाकी कागदाच्या पट्टीस खळ लावावी लागते.

एक आवर्तन झाले की गोळा काढून, आधीच्या अक्षाशी काटकोन करणाऱ्या दिशेने पुन्हा पकडावा. अशी परस्परांशी काटकोनात तीन आवर्तने, म्हणजे एकूण ४८ वेढे द्यावेत. गणित करून पाहिल्यास पृष्ठाच्या बहुतेक भागावर थरांची संख्या साधारण ९ ते ११ या दरम्यान येते. अपवाद सहा जागांचा आहे. वाट्यांनी जेथे गोळा धरला होता तेथे त्या आवर्तनाची पट्टी पोहोचत नाही आणि केवळ उरलेल्या दोन आवर्तनांचे साडेचार थर पडतात. म्हणजे तेथील भिंत इतरांच्या तुलनेत निम्मी राहते. वर पाहिल्याप्रमाणे संपूर्ण गोळ्याची ताकद या सहा जागांवर ठरते. तेव्हा त्या जागी प्रत्येकी पाच गोल ठिगळे हाताने लावणे हा सोपस्कार न मानता कामाचा आवश्यक भाग मानावा. यंत्राने हाताचे काम कमी केले, संपविले नाही.

या ४८ वेढ्यांना सुमारे १५ मीटर पट्टी लागते. चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा खाकी कागद घेतल्यास कागदाचे वजन सुमारे २४ ग्रॅम भरते आणि भिंत साधारण एक मिलिमीटर जाड होते.

कागद आणि खळ

कारखान्यात तयार होणाऱ्या कागदातील तंतू बहुतांशी यंत्राच्या चालीच्या दिशेने पडतात. या दिशेने कागद अधिक बळकट असतो. ओला झाल्यावर मात्र तो आडव्या दिशेने अधिक फुगतो. रिळावरील पट्टीत तंतू लांबीच्या दिशेने असल्याने पट्टी लांबीत ताण सोसते आणि रुंदीत थोडी पसरून गोलाईवर बसते. वेढे तीन दिशांनी दिल्यावर तंतूही एकमेकांना छेदतात. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे आडवे-उभे लावण्यामागे हाच हेतू असतो. पुढे कागद वाळताना आकसतो आणि आतील अर्धवाट्यांना आवळून धरतो.

खळ गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची करतात. पिठातील स्टार्चचे कण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगतात व फुटतात, तेव्हाच चिकटपणा येतो. म्हणून खळ शिजविणे आवश्यक असते. सावंतवाडीच्या गंजिफांसाठी चिंचोक्याची खळ वापरली जाते. थर देताना मध्ये हवा राहू नये म्हणून काही थरांनंतर गोळा सपाट फळीखाली हलक्या दाबाने घोळवितात. वाळविणे सावलीत आणि सावकाश व्हावे. बाहेरचा थर घाईने वाळला तर आतील ओल कोंडून राहते.

येथे एक रासायनिक इशारा देणे अगत्याचे आहे. खळीला कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीत मोरचूद किंवा तुरटी घालण्याची पद्धत आहे. शोभेच्या दारूच्या कामात ती घातक ठरू शकते. दोन्ही पदार्थ पाण्यात आम्लधर्मी होतात, आणि क्लोरेट असलेल्या मिश्रणाशी आम्लाचा संबंध आल्यास ते मिश्रण अस्थिर होते. एका कारागिरीतला शहाणपणाचा वापर दुसरीत अपघाताचे कारण होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

सुरक्षितता आणि कायदा

आतापर्यंतचे सर्व विवेचन लाकडी किंवा रिकाम्या गोळ्याविषयी आहे. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र कागद चिकटविला जातो तो भरलेल्या गोळ्यावर. त्यामुळे यंत्राचा प्रत्येक दोष तेथे जिवाशी गाठ घालतो.

घरगुती यंत्रासाठी सर्वांत सहज मिळणारी मोटर म्हणजे मोटारगाडीच्या वायपरची. ती स्वस्त आहे, १२ व्होल्टवर चालते आणि सावकाश फिरते. परंतु तिच्यात कार्बनचे ब्रश असतात आणि फिरताना त्यांच्यापाशी ठिणग्या पडतात. स्फोटक पदार्थाच्या खोलीत तिला स्थान असू शकत नाही. पायडलचा आग्रह धरण्यामागे काटकसरीपेक्षा हे कारण मोठे आहे. दुसरा धोका स्थिर विद्युतभाराचा. कोरडी पट्टी रिळावरून सुटताना विद्युतभार निर्माण होतो. आपला तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील कोरड्या हवेत हा भार सहजी ओसरत नाही. ओली पट्टी आणि भूसंपर्क यांनी तो कमी होतो, नाहीसा होत नाही. तिसरा धोका घर्षणाचा. पकडीतून गोळा निसटला, वाटीखाली सांडलेली दारू चिरडली गेली, तर ठिणगीचीही गरज उरत नाही. हात सावध असतो, निसटणारी वस्तू त्याला जाणवते. दातेरी चाकाला ती जाणवत नाही.

गेल्या काही वर्षांतील घटना या दृष्टीने विसरता येण्याजोग्या नाहीत. १ जानेवारी २०२३ रोजी बार्शी तालुक्यातील पांगरी परिसरातील फटाका कारखान्यात स्फोट होऊन तेथे काम करणाऱ्या स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या ठिकाणी आग लागून कामगार स्त्रियांचा बळी गेला. केरळात कोल्लम जिल्ह्यातील पुट्टिंगल मंदिरात १० एप्रिल २०१६ रोजी आतषबाजीच्या वेळी झालेल्या दुर्घटनेत शंभराहून अधिक माणसे दगावली. या घटनांची कारणे वेगवेगळी असतील. परंतु दारूजवळ काम करणाऱ्याला चुकीची दुरुस्ती करण्यास वेळ मिळत नाही, हे त्या सर्वांत समान आहे.

कायद्याची भूमिकाही निःसंदिग्ध आहे. स्फोटक पदार्थ अधिनियम, १८८४ आणि त्याखालील २००८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय शोभेच्या दारूचे उत्पादन करणे हा दंडनीय अपराध आहे. या क्षेत्राचे नियंत्रण करणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूर येथे आहे. 'घरगुती' हे विशेषण यंत्राला लागू शकते. भरलेल्या गोळ्याला ते कदापि लागू शकत नाही. परवानाधारक कारखान्यानेसुद्धा असे यंत्र भरलेल्या गोळ्यासाठी वापरावे किंवा नाही, हा निर्णय त्या यंत्रणेच्या तपासणीनंतरच व्हावयास हवा.

अध्यापनातील उपयोग

मग महाविद्यालयात हे यंत्र कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. पहिले उत्तर अध्यापनाचे आहे. सदिश राशींची बेरीज फळ्यावर शिकविता येते. परंतु दोन दिशांनी फिरणाऱ्या गोळ्याच्या कमरेला कागदी पट्टा जमलेला पाहिला की ती विद्यार्थ्यांच्या कायमची लक्षात राहते. गणिताच्या विद्यार्थ्यांना गोल पृष्ठावरील थरांचे वितरण काढता येईल. रंगीत पट्ट्या वापरून व गोळा मधोमध कापून प्रत्यक्ष थर मोजता येतील आणि गणिताशी ताडून पाहता येतील. रसायनशास्त्रात खळीचा, भूगोलात नकाशा-प्रक्षेपणाचा, इतिहासात आतषबाजीच्या नोंदींचा आणि समाजशास्त्रात या उद्योगातील श्रमिक स्त्रियांचा अभ्यास याला जोडता येईल. आंतरविद्याशाखीय अध्यापनाची चर्चा आपण पुष्कळ करतो. तिला हाती धरता येईल असा विषय क्वचित मिळतो.

दुसरे उत्तर असे की, याच रचनेवर रिकामे कागदी गोल तयार करता येतात. भूगोलाच्या वर्गातील पृथ्वीगोल, सजावटीचे दिवे, खेळणी या वस्तूंना कागद, खळ आणि पायडल एवढेच भांडवल पुरते. ज्या हातांना दारूच्या खोलीत कागद चिकटवावा लागतो, त्यांना तेच कौशल्य दारूशिवाय वापरण्याचा एक मार्ग यातून सुचू शकतो.

निष्कर्ष

१. गोळ्याची ताकद सरासरी थरांवर न ठरता सर्वांत पातळ जागेवर ठरते.

२. गोळा एकाच वेळी दोन स्थिर अक्षांभोवती फिरविल्याने पट्टी पसरत नाही. अक्ष गोळ्याच्या संदर्भात टप्प्याटप्प्याने सरकवावा लागतो. दातेरी चाक असलेली फिरती चौकट हे त्याचे सोपे साधन आहे.

३. परस्परांशी काटकोनात तीन आवर्तने दिल्यास पृष्ठाचा बहुतेक भाग सारखा झाकला जातो. पकडीच्या सहा जागा हाताने भरून काढाव्या लागतात.

४. असे यंत्र महाविद्यालयात केवळ लाकडी किंवा रिकाम्या गोळ्यावर आणि पायडलवरच चालवावे. भरलेल्या गोळ्याचे काम परवाना, तपासणी आणि प्रशिक्षण यांच्या कक्षेबाहेर कोणीही, कोणत्याही निमित्ताने करू नये.

हाताचे काम यंत्राला शिकवू लागल्यावर हात किती गोष्टी न सांगता करीत होता हे उमगते. कागदाच्या या थरांमागे असलेले कौशल्य गणिताने मांडता आले तर त्या कौशल्याचा मान वाढेल. आणि ते जपणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा विचारही अधिक गांभीर्याने होईल, अशी अपेक्षा बाळगण्यास हरकत नाही.